चहाबरोबर येणारा प्रश्न

गोलीताईंच्या दाराशी अधूनमधून एक लांब काळी गाडी येऊन थांबायची. ड्रायव्हर उतरून मागचं दार उघडायचा आणि गोलीताई आपला एकुलता एक बरा कोट सावरत, दुखरा गुडघा आधी आत घालून मग स्वतः बसायच्या. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या आणि म्हणायच्या, काय थाट आहे बाईंचा. गोलीताईंच्या नवऱ्याला मात्र पक्कं ठाऊक होतं की गाडी बाईंना न्यायला येत नाही, एका नियमाला न्यायला येते. तो बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक होता आणि गाड्यांच्या बाबतीत त्याला फसवणं सोपं नव्हतं.

नियम असा होता. फुटबॉलच्या त्या मोठ्या लीगमधले सगळे क्लब पैसेवाल्या मालकांचे. व्यवस्थापक, प्रशिक्षक, संचालक अशी कुठलीही मोठी खुर्ची भरायची झाली की मालक आणि त्यांचे चार दोस्त बसायचे आणि पाचवा दोस्त नेमायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. मग लीगमधल्या काही भल्या लोकांनी ठरवलं की निवड समितीत नेहमीच्या मंडळींबाहेरचं एक तरी माणूस हवंच. शिवाय त्या माणसाने पहिल्या उमेदवारापासून निर्णय होईपर्यंत खोलीत बसलं पाहिजे; ते उठलं की बैठक थांबली, परत आलं नाही तर रद्द. भल्या लोकांच्या नियमाचं जे होतं तेच याचंही झालं. क्लबांनी निमूट बसणारं माणूस शोधलं, आणि ते त्यांना गोलीताईंच्या रूपाने सापडलं.

गोलीताई एकेकाळी बायकांच्या संघात गोलकीपर होत्या, म्हणून हे नाव. खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतं उरलं होतं, कारण आता त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. गोलकीपरचं निम्मं आयुष्य उभं राहून वाट बघण्यात जातं. समितीत बसूनच वाट बघायची होती, तेव्हा सुरुवातीला त्यांना हे काम जमण्यासारखं वाटलं.

पहिल्या वर्षी त्या प्रश्न तयार करून जायच्या. जखमी खेळाडूला किती लवकर मैदानात उतरवाल, मुलींचा संघ का बंद केला, हरल्यावर पोरांशी काय बोलता. पण समितीची एक रीत होती. सगळ्यांचे प्रश्न संपले की अध्यक्ष म्हणायचे, "आता ताई काही विचारतील." हे वाक्य म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या शिपायाला इशारा. दार उघडायचं, ट्रे यायचा, कप खणखणायचे, बिनसाखरेचा कुणाचा अशी विचारणा व्हायची, आणि उमेदवार एका हातात बशी धरून ताईंकडे अर्धवट वळायचा. तो काय बोलतोय ते त्यालाही ऐकू येत नसे. चहा नेमका त्यांच्याच वेळेला का, असं गोलीताईंनी एकदा विचारलं. अध्यक्ष खरोखर गोंधळले. त्यांच्या मते तो मोकळा वेळ होता.

मग ताईंचे प्रश्न हळूहळू आखडत गेले. शेवटी एकच उरला. "तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं?" तोंडात बिस्कीट असतानाही याचं उत्तर देता येतं. सगळे म्हणायचे, "आवड आहे, ताई." ताई मान हलवायच्या. घरी आल्यावर नवरा विचारायचा, "झालं? मम म्हणून आलीस?" आणि कोट खुंटीला लावत त्या म्हणायच्या, "आले म्हणून."

निवड तोवर झालेलीच असायची, आणि ती कुठे होते हेही त्यांना कळून चुकलं होतं. मुलाखतीच्या आधी मालक उमेदवाराला मैदानाला एक चक्कर मारायला घेऊन जायचे. काही खास नाही, आपलं सहज. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत आणि कडेकडेने परत. त्या चकरेत लहानपणच्या मॅचेस निघायच्या, कोणाचे काका कोणाबरोबर खेळले ते निघायचं, आणि माणूस आपला आहे की नाही हे मालकांना समजायचं. बुटांना गवत लागलेला उमेदवार खोलीत आला की सभासद एकमेकांकडे बघून खुर्चीत सैल व्हायचे. क्वचित एखादी बाई उमेदवार असली, तर मालक अगत्याने सांगायचे, यांना आत बसवा, पंखा लावा, चहा द्या, बाईमाणसाला उन्हात कशाला फिरवायचं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, आणि दुष्टावा नव्हता म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं. दमून जायला व्हायचं ते यामुळे.

अशातच शहरातल्या सर्वांत जुन्या क्लबच्या मुख्य व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी डावरीने अर्ज केला.

डावरी ही गोलीताईंची विद्यार्थिनी. शाळेत असताना डाव्या पायाने असा चेंडू मारायची की पलीकडच्या मुली तो कुठे जाणार हे बघत राहायच्या. पुढे ती याच क्लबात तिकीट खिडकीवर लागली, मग संघाच्या प्रवासाची व्यवस्था बघू लागली, मग सहायक व्यवस्थापक झाली. नव्याने आलेल्या प्रत्येक व्यवस्थापकाला किल्ल्या कुठे असतात हे तिनेच दाखवलं होतं, आणि जाताना त्याच्याकडून परतही तिनेच घेतल्या होत्या. आता किल्ल्या आपल्याकडेच राहाव्यात असं तिला वाटलं, तर त्यात काही वावगं नव्हतं. तिच्यासमोर उमेदवार होता क्लबचा माजी कप्तान. देखणा, गोड बोलणारा, मालकांच्या पोटच्या पोरासारखा.

लीगचे सचिव हा तरुण, सरळ माणूस. त्यांनी गोलीताईंना बोलावून घेतलं. बाहेरची माणसं वरच्या जागांवर घेतली तर क्लबचा फायदाच होतो, हे मालकांना एकदा कोणीतरी नीट मांडून दाखवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात तासभर ठरवून देतो, तुम्ही मांडा. न्यायाबिन्यायाचं काही बोलू नका, ते ऐकून त्यांना जांभया येतात, फायदा दाखवा.

गोलीताईंनी विचारलं, "कप्तानाला घेतल्याने काय फायदा होईल, हे पण कुणी मांडणार आहे का?"

सचिव हसले. वाईटपणाने नाही, समजूतदारपणे. म्हणाले, "त्याचं कोण विचारतंय, ताई."

गोलीताईंना त्या क्षणी उठून घरी जावंसं वाटलं होतं. पण डावरीचं काम होत असेल तर एवढं करू, असं म्हणून त्यांनी होकार दिला. आयुष्यभर त्या असंच एवढं करत आल्या होत्या.

मांडायला एक गोष्ट त्यांच्याकडे होती, आणि ती सगळ्या क्लबला ठाऊक होती. दोन मोसमांपूर्वी क्लबने एक म्हातारा होत चाललेला स्ट्रायकर भरमसाट पैसे देऊन आणला होता. तो आला, हार घातले, फोटो निघाले, आणि तिसऱ्या मॅचला त्याचा गुडघा गेला. गुडघा आधीपासूनच गेलेला होता. पण समितीतल्या एकानेही गुडघ्याबद्दल विचारलं नाही, कारण प्रत्येकाच्या लहानपणी त्याच खेळाडूचं चित्र भिंतीवर लावलेलं होतं. त्याच्याशी हात मिळवायला मिळणार म्हणून सगळे हरखले होते. गुडघ्याचं बोलली होती फक्त डावरी, तेही बाहेर कॉरिडॉरमध्ये, कारण आत तिला कोणी बोलावलं नव्हतं. एकाच मुशीतली पाच माणसं बसली की पाचही जण एकच चूक करतात, एवढा साधा मुद्दा होता.

पण तासभर नुसता गुडघा कसा पुरणार? त्या रविवारी डावरी घरी आली. नवऱ्याने चहा केला, कांदा चिरायला घेतला आणि कान इकडे ठेवला. ताईंनी सहज विचारलं, तुला ही जागा मिळाली तर पहिल्यांदा काय करशील? डावरी खुलली. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कप आणि डबे मांडून अख्खं स्टेडियम उभं केलं. पूर्वेचा स्टँड वर्षानुवर्षं रिकामा का, तर त्या बाजूचं फाटक बंद असतं, आणि लेकराला कडेवर घेऊन कोणी अख्ख्या स्टेडियमला वळसा घालत नाही. ते फाटक उघडायचं. मॅच दुपारची ठेवायची, म्हणजे पोरंबाळं येतील. बंद पडलेली मुलींची अकादमी सुरू करायची; एक मुलगी खेळायला आली की आई, बाप, मामा, मावशी असा सगळा गोतावळा तिकीट काढतो. आणि मैदान सोडून घरी बसलेल्या जुन्या खेळाडू बायकांना नवे खेळाडू हेरायच्या कामावर घ्यायचं. बोलता बोलता तिचा चहा गार झाला. जाताना म्हणाली, "मुलाखतीत हेच सांगणार आहे, ताई. अजून कुणाला बोलले नाही."

हे शेवटचं वाक्य गोलीताईंनी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं त्या पुढे स्वतःलाही कधी म्हणू शकल्या नाहीत.

मालकांपुढे मांडायला उभ्या राहिल्या तेव्हा शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी करून दिलेली चित्रं पडद्यावर होती. गुडघ्याची गोष्ट सांगितली तेव्हा मालक कळवळून हसले. बरं चाललंय असं बघून ताईंना हुरूप आला. पुढची चित्रं कोरडी होती, मालकांची नजर घड्याळाकडे गेली, आणि ताईंनी ती परत आणण्यासाठी म्हटलं, उदाहरणार्थ, वेगळ्या नजरेचं माणूस तुमच्या क्लबमध्ये आलं तर काय करील बघा. आणि फाटक, दुपारची मॅच, अकादमी, जुन्या खेळाडू, सगळं सांगून टाकलं. नाव घेतलं नाही, कारण समितीवर असताना एका उमेदवाराचं नाव घेणं बरं दिसलं नसतं. त्यांना वाटलं, आठवड्याने डावरी येऊन हेच बोलेल तेव्हा मालकांच्या डोक्यात आपोआप ताळा जुळेल.

घरी आल्यावर त्या उत्साहाने नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मालकांनी खिशातून पेन काढलं."

नवरा भांडी विसळत होता. तो म्हणाला, "पेन काढणारा माणूस एकतर सही करतो, नाहीतर उतरवून घेतो. यांनी काय केलं?"

ताई म्हणाल्या, तुमचं आपलं काहीतरीच.

मुलाखतीच्या दिवशी कप्तान आणि मालक चक्कर मारायला गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. डावरीला पंख्याखाली बसवून चहा दिला होता. कप्तान आत आला तेव्हा त्याच्या बुटांना गवत होतं. अध्यक्षांनी विचारलं, क्लबचं भविष्य कसं बघता? कप्तान नम्रपणे म्हणाला की पूर्वेकडचं फाटक हा त्याच्या मते कळीचा मुद्दा आहे.

गोलीताईंना आधी वाटलं, बघा, यालाही सुचलं. मग तो दुपारच्या मॅचकडे वळला. मग अकादमी. मामा-मावशीपर्यंत तो पोचला तेव्हा ताईंनी मालकांकडे बघितलं. मालक समाधानाने ऐकत होते. चकरेत त्यांनीच त्याला हे सगळं ऐकवलं होतं, आणि आता ते त्याच्या तोंडून ऐकताना त्यांना ते त्याचंच वाटत होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं तर कप्तान बिचारा तसाही नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की बीळ कुणाचं आहे. "आता ताई काही विचारतील," असं अध्यक्ष म्हणाले, ट्रे आला, आणि ताईंनी विचारलं की तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं. कप्तान म्हणाला, "आवड आहे, ताई."

मग डावरी आली. तिने नवी साधी चप्पल घातली होती आणि केस घट्ट बांधले होते. तिलाही क्लबच्या भविष्याचाच प्रश्न आला आणि तिने फाटकापासून सुरुवात केली. सभासदांनी एकमेकांकडे बघितलं. ती अकादमीवर आली तेव्हा मालक दिलदारपणे म्हणाले, "हे आत्ताच ऐकलं आम्ही. दुसरं काही असेल तर सांगा."

डावरी थांबली. तिने हे एकाच घरात सांगितलं होतं. ती गोलीताईंकडे वळून बघत राहिली, आणि गोलीताईंनी नजर समोरच्या रिकाम्या बशीत घातली. त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. हात दाखवून अवलक्षण करायची हौस त्यांना होती, पण हात दुसऱ्याचा होता. डावरी पुढे काहीबाही बोलली. तिने जपून आणलेलं सगळं वरातीमागून घोडं ठरलं होतं.

"आता ताई काही विचारतील," अध्यक्ष म्हणाले. दार उघडलं.

गोलीताई शिपायाला म्हणाल्या, "चहा बाहेरच राहू दे."

शिपाई ट्रे घेऊन उंबऱ्यातच थबकला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ताईंनी समितीला सांगितलं की गेल्या आठवड्यात मी जे मांडलं ते या मुलीचं होतं, तिला न विचारता मी इथे आणलं, आणि इथून ते कप्तानापर्यंत कसं गेलं ते मालकांना माहीत आहे. मालक रागावले नाहीत. ते म्हणाले, कल्पना काय कुणाच्या मालकीच्या असतात होय, ताई, चांगली गोष्ट कुणीही करावी, क्लबचं भलं झाल्याशी कारण. बाकीच्या चौघांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

"मग माझा प्रश्न तुम्हाला आहे," ताई मालकांना म्हणाल्या. "हिला चक्कर मारायला का नेलं नाहीत?"

मालक बुचकळ्यात पडले. "ऊन होतं, ताई."

"ती रोज त्याच उन्हात असते. आत्ता न्या. मी बाहेर बसते. तुमची चक्कर झाली की आत येते."

आणि त्या उठल्या. त्या उठल्या म्हणजे बैठक अडली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात एवढी एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी आज पहिल्यांदा वापरली.

बाहेरच्या बाकावरून अख्खं मैदान दिसत होतं. मालक आणि डावरी कडेकडेने निघाले. मालक एक पाऊल पुढे होते. फोन आला तेव्हा त्यांनी तो घेतला आणि बोलत चालत राहिले. पलीकडच्या गोलपाशी दोघं थांबली. मालकांनी काहीतरी विचारलं, डावरीने काहीतरी सांगितलं, आणि मग ती त्यांच्याबरोबर कडेने न येता सरळ मैदानाच्या मधून एकटीच परत आली. ती ताईंच्या शेजारी बसली. ताई तिच्याकडे वळल्या.

"काय विचारलं?"

"कप्तानाच्या हाताखाली राहशील ना, म्हणाले. तू गेलीस तर हे सगळं करणार कोण, म्हणाले."

"मग?"

"नाही म्हटलं."

गोलीताई म्हणाल्या, "चुकलं गं माझं. तुला विचारायला हवं होतं."

डावरी रागावली असती तर ताईंना सोसलं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती. "तुम्ही त्यांना फायदा दाखवलात, ताई. त्यांनी तो घेतला. मी मात्र कुणाला दिसलेच नाही."

तेवढ्यात शिपाई धावत आला. आतून निरोप होता की ताईंनी पाच मिनिटं येऊन बसावं, काही बोलायची गरज नाही, फक्त बसावं; चहा पुन्हा गरम केला आहे.

"खुर्ची आहे ना आत माझी?" गोलीताई म्हणाल्या. "चहा तिच्यापुढे ठेव."

काळी गाडी फाटकाशी उभी होती. ड्रायव्हरने दार उघडलं, पण त्या दोघी तिच्यावरून पुढे बस थांब्यावर गेल्या. दोन बस भरलेल्या गेल्या आणि तिसरीत उभं राहायला जागा मिळाली.

त्यानंतर गोलीताईंच्या दाराशी गाडी आली नाही. नियम मोडला गेला नाही. लीगने बाहेरचं दुसरं माणूस नेमलं, एक निवृत्त डॉक्टर, ज्यांना चहा आवडायचा. त्यांच्या साक्षीने कप्तान व्यवस्थापक झाला. समोरच्या बायकांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने सांगितलं की गाडीचं इंजिन गेलं.

पूर्वेचं फाटक उघडलं. मॅच दुपारच्या झाल्या, मुली अकादमीत आल्या आणि त्यांच्यामागे त्यांचा गोतावळा. जुन्या खेळाडू बायकांचं मात्र राहून गेलं. मोसम संपता संपता स्टँड भरायला लागला. कप्तानाने प्रामाणिकपणे काम केलं, हे खरं ते सांगायला हवं. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, मागे हसणाऱ्या आया आणि लेकरं.

सचिवांचा फोन आला तो आनंदानेच. ताई, तुम्ही मांडलेला शब्द अन् शब्द खरा निघाला, आता सगळ्या मालकांसमोर येऊन बोला, यापेक्षा मोठा पुरावा कुठला. गोलीताई भाजी निवडत होत्या. त्यांनी फोन खांद्यात धरला.

"पुरावा कशाचा?" त्या म्हणाल्या. "बाईला घेतलं तर फायदा होतो, असं मी म्हणाले होते. इथे तर सुंठीवाचून खोकला गेला. बाईला न घेताच फायदा झाला. आता बाईला घ्या, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मग सचिव म्हणाले की हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. गोलीताई म्हणाल्या, माझ्याही नव्हतं आलं, बाबा. फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेली भाजी निवडली. आधी न्याय मागायला हवा होता, फायदा मग आपोआप निघाला असता किंवा नसता निघाला, असं काहीसं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा म्हणाला, न्याय मागितला असतास तर मालक झोपले असते. दोघांचंही खरं होतं, म्हणून बोलणं तिथेच संपलं.

डावरीला एक छोटा क्लब मिळाला. मिळाला म्हणजे दुसऱ्या कुणाला तो नको होता. खालच्या फळीतला संघ, स्टँडच्या नावाने लाकडी फळ्या, आणि ऑफिस म्हणून जाळ्या नि चेंडू ठेवायची खोली. तिथे लीगचा नियम लागू नव्हता. तरी संघासाठी प्रशिक्षक निवडायची वेळ आली तेव्हा डावरीने गोलीताईंना बोलावलं. त्या दिवसानंतर दोघींची भेट झाली नव्हती. ताई म्हणाल्या, येते.

त्या बसने गेल्या. डावरी दारात उभी होती. तिने नुसतं "या, ताई" म्हटलं आणि हातातली पिशवी घेतली. आधी सगळेच मैदानावर गेले, उमेदवार, समितीतले दोघं, डावरी आणि ताई. सगळ्यांनी मिळून चक्कर मारली, ताईंच्या गुडघ्याच्या चालीने. पलीकडच्या गोलपाशी ताईंनी खांबाला हात टेकून जरा दम घेतला आणि बाकीचेही गप्पा मारत तिथेच उभे राहिले. मग खोलीत आले. चहा आधीच झाला, कप आधीच उचलले गेले, टेबल पुसलं गेलं. उमेदवार खुर्चीच्या टोकाशी बसला होता. चांगला मुलगा वाटत होता, फार घाबरलेला.

डावरी म्हणाली, "पहिला प्रश्न ताई विचारतील."

गोलीताईंनी तोंड उघडलं. तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं, हे जिभेवर आलंच होतं. ते त्यांनी मागे ढकललं. आणि त्याच्या मागे काही नव्हतं. जखमी खेळाडूंचं, हरल्यावर पोरांशी काय बोलता याचं, ते सगळं कपांच्या आवाजात कधीच विरून गेलं होतं. एवढी वर्षं एकच प्रश्न विचारून विचारून त्यांना दुसरा विचारता येईनासा झाला होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी उमेदवाराकडे बघितलं, मग डावरीकडे.

"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "मला विचार करू दे."

बाहेर कोणीतरी चेंडूत हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता. खोलीत कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, कुणी घसा खाकरला नाही. डावरीने हातातलं पेन खाली ठेवलं, आणि सगळे ताईंसाठी थांबले.